खासदार व्हायचे आहे? तयारी पंचायतीतूनच

२०२३ च्या सप्टेंबरात संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेतल्या आणि विधानसभांतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी ही दुरुस्ती. ती लागू होण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हावी, असे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. आजच्या ५४३ जागांच्या हिशेबाने एक तृतीयांश म्हणजे १८१. आणि २०२४ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या स्त्रिया होत्या ७४. आरक्षण प्रत्यक्षात येईल तेव्हा लोकसभेत शंभराहून जास्त नव्या स्त्रिया लागतील, आणि त्यासाठी पक्षांना त्याच्या कितीतरी पट उमेदवार शोधावे लागतील. त्या घाईत तयारीची बाई समोर दिसली नाही, तर तिकीट कोणाच्या तरी पत्नीला किंवा सुनेला मिळेल आणि कारभार तिसराच कोणी पाहील. ग्रामपंचायतींत हे आपण पुरेसे पाहिले आहे.

हा लेख सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, नगरसेविका, झेडपी आणि पंचायत समिती सदस्य अशा बायकांसाठी आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागांवर स्त्रिया आहेत. त्यांच्यातल्या कितीजणींनी दिल्लीचा विचार मनात येताच तो झटकून टाकला असेल! तो झटकू नका. खासदारकी हे काम आहे, ते शिकता येते, आणि त्याचे निम्मे शिक्षण तुम्ही आज बसता त्या खुर्चीवरच मिळते.

इंदूरच्या ताई

नमुना म्हणून एक कारकीर्द नीट पाहू. सुमित्रा महाजन मूळच्या चिपळूणच्या, जन्म १९४३ चा, माहेरचे आडनाव साठे. लग्न होऊन इंदूरला गेल्या. शिक्षण लग्नानंतर पुढे नेले, एम.ए. आणि एलएल.बी. केले. १९८२ मध्ये इंदूर महापालिकेत नगरसेविका झाल्या, १९८४ मध्ये उपमहापौर. १९८५ मध्ये विधानसभा लढवली आणि हरल्या. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, लोकसभेला उभ्या राहिल्या त्या प्रकाशचंद्र सेठींसमोर. सेठी म्हणजे मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री. ताईंनी त्यांना हरवले आणि मग २०१४ पर्यंत त्याच मतदारसंघातून सलग आठ वेळा निवडून आल्या.

या प्रवासात तुमच्या कामाचे काय आहे? पहिले म्हणजे क्रम. नगरसेविका, उपमहापौर, पराभव, मग लोकसभा. विधानसभेत हरलेल्या बाईला चार वर्षांनी लोकसभेचे तिकीट मिळते ते मधल्या काळात ती घरी बसलेली नसते म्हणून. दुसरे म्हणजे एकच गाव धरून राहणे. परगावाहून सून म्हणून आलेली बाई इंदूरभर 'ताई' म्हणून ओळखली जाते, ती एका प्रचारात नव्हे. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००९ मध्ये, सहा वेळा निवडून आल्यानंतर, त्यांचे मताधिक्य अकरा हजारांच्या आसपास उतरले होते. पुढच्याच निवडणुकीत ते साडेचार लाखांच्या वर गेले. मतदारसंघ कोणाच्या नावावर होत नसतो. दर वेळी तो पहिल्यापासून मिळवावा लागतो.

दिल्लीतले त्यांचे एक काम फारसे बोलले जात नाही, पण शिकण्यासारखे तेच आहे. २०११ चे भूसंपादन आणि पुनर्वसन विधेयक तपासणीसाठी ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेले, तेव्हा त्या समितीच्या अध्यक्ष महाजन होत्या, आणि त्यांचा पक्ष विरोधात होता. लाखो शेतकऱ्यांच्या जमिनीशी संबंध असलेल्या विधेयकाची कलमवार चिकित्सा एका विरोधी बाकावरच्या बाईच्या अध्यक्षतेखाली झाली. कायदा २०१३ मध्ये आला. पुढे ६ जून २०१४ ला त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, मीरा कुमार यांच्यानंतर या पदावर आलेल्या दुसऱ्या स्त्री. तिथवर पोहोचण्याचा रस्ता समित्यांच्या बंद दालनांतून गेला, जिथे टीव्हीचे कॅमेरे नसतात.

आजच्या महाराष्ट्रातही असे प्रवास आहेत. रक्षा खडसे कोथळीच्या सरपंच होत्या, मग जळगाव जिल्हा परिषदेत गेल्या, २०१४ पासून रावेरच्या खासदार आहेत आणि २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या, आमदार होत्या. २०२४ मध्ये धुळ्यातून ३,८३१ मतांनी लोकसभेत गेल्या. मेधा कुलकर्णी पुण्याच्या नगरसेविका, कोथरूडच्या आमदार आणि मग राज्यसभेच्या सदस्य. यांतल्या काहींच्या मागे घरचे राजकारण आहे, काहींच्या मागे नाही. घरचे राजकारण असण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुरुषांनाही ते असते आणि त्यांना कोणी विचारत नाही. मात्र घरच्यांनी दार उघडून दिले तरी आत गेल्यावर बोलायचे तुम्हालाच आहे.

आजच्या खुर्चीवर

सरपंच असाल तर पहिला प्रश्न: तुमची डिजिटल स्वाक्षरी कोणाकडे असते? तो छोटासा डोंगल बऱ्याच गावांत ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये किंवा यजमानांच्या खिशात असतो. बिल निघते, पैसे जातात, सही तुमची लागते आणि तुम्ही त्या वेळी शेतात असता. उद्या चौकशी झाली तर नोटीस तुमच्या नावाने येईल. डोंगल स्वतःच्या पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येक बिलाआधी रोकड वही मागवून घ्या. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग किती, अबंधित किती, आणि बंधितातले पैसे पाणी-स्वच्छतेवरच गेले का, हे ग्रामसेवकाला न विचारता सांगता आले पाहिजे. केंद्राचा अर्थसंकल्प आकड्यांनी मोठा असतो, पण वाचायची रीत तीच. कोणत्या शीर्षाखाली किती ठेवले, किती खर्च झाले, उरलेले कुठे गेले. ज्या बाईला चौदाशे उंबऱ्यांच्या गावाचा जमाखर्च कळतो, तिला मंत्रालयाच्या अनुदान मागण्या वाचायला शिकायला फार दिवस लागत नाहीत.

यजमान किंवा दीर मदत करत असतील तर ती घ्या. मीटिंगला मात्र खुर्चीवर तुम्हीच बसा, बीडीओंना फोन तुमच्याच फोनवरून करा, आणि तो फोन तुमच्याच हातात ठेवा. लोकांना तुमचा नंबर पाठ झाला पाहिजे. ही गोष्ट घरात सांगताना जड जाते, हे मला ठाऊक आहे. भांडून सांगण्याची गरज नसते. 'चौकशीत माझे नाव येईल' एवढे वाक्य बहुतेक घरांत पुरते.

आणि एक वही घाला. आलेला प्रत्येक माणूस, त्याचे काम, कोणाला पत्र दिले, कधी उत्तर आले. श्रावणबाळ योजनेची अडलेली पेन्शन असो की डीपी जळाल्याची तक्रार. दोन वर्षांत या वहीतून तुम्हाला दिसू लागते की एकच तक्रार वीस गावांतून येते आहे, म्हणजे चूक एका तलाठ्याची नाही, नियमातच काहीतरी अडकलेले आहे. कायदे करणाऱ्या सभागृहात जाणाऱ्या माणसाला हीच नजर लागते.

मृणाल गोरे यांचे सगळे राजकारण असे तक्रारींतून उभे राहिले. गोरेगावात पाण्यासाठी भांडणारी ही बाई १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेली, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये मुंबई उत्तरमधून लोकसभेत. पाणीवाली बाई हे नाव त्यांना लोकांनी दिले. महागाईविरोधातले लाटणे मोर्चे त्यांनी अहिल्याबाई रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या मैत्रिणींबरोबर काढले. अहिल्याबाई कम्युनिस्ट, मृणालताई समाजवादी. मोर्चाच्या वेळी पक्ष बाजूला ठेवता येतो, हे त्या पिढीने दाखवले, आणि १९७७ च्या लोकसभेत या दोघीही होत्या. इतर पक्षांतल्या बायकांशी आजच ओळख वाढवा. झेडपीत तुमच्या समोरच्या बाकावर बसणारी उद्या संसदेच्या समितीत तुमच्या शेजारी असू शकते.

मतदारसंघ कागदावर उतरवा

महाराष्ट्रातला लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघ, सरासरी एकोणीस-वीस लाख मतदार आणि सुमारे दोन हजार मतदान केंद्रे. झेडपीच्या गटापुढे हा आकडा ऐकूनच छातीत धस्स होते. म्हणून तो तुकड्यांत घ्या.

प्रत्येक निवडणुकीनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता जाहीर होतो. त्याला फॉर्म २० म्हणतात आणि तो निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. मागच्या दोन लोकसभा आणि दोन विधानसभा निवडणुकांचे तक्ते काढा. आधी स्वतःच्या गावचे केंद्र शोधा. कोणाला किती मते पडली, मतदान किती झाले? पंधरा-वीस केंद्रे अशी वाचली की तक्ता बोलू लागतो. अमुक वाडीत नेहमी मतदान कमी होते, कारण केंद्र ओढ्यापलीकडे आहे. अमुक वस्तीतली माणसे मतदानाच्या वेळी ऊसतोडीला गेलेली असतात. धुळ्यासारखी जागा ३,८३१ मतांनी ठरते, म्हणजे दर केंद्रावर दोन मतेसुद्धा नाहीत. तेव्हा दोन हजारांपैकी एकही केंद्र किरकोळ समजू नका.

सहापैकी तुमचा स्वतःचा विधानसभा मतदारसंघ सोडून उरलेल्या पाचांत तुम्हाला नावाने ओळखणाऱ्या किती बायका आहेत? बचत गटांच्या प्रभाग संघांपासून, आशा आणि अंगणवाडी सेविकांपासून सुरुवात करता येते. पण त्यांना निवडणुकीपुरते बोलवू नका. त्यांच्या मानधनाचा प्रश्न केंद्र आणि राज्य यांच्यात कसा वाटला गेला आहे, हे आधी समजून घ्या. मग त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

एक सावधगिरी. १०६ व्या दुरुस्तीतही राखीव जागा दर फेररचनेनंतर फिरणार आहेत. पंचायतीत सोडत बदलली की चांगली सरपंच घरी बसते, तसे इथेही होऊ शकते. म्हणून तयारी खुल्या जागेची करा.

कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घात होतो. लोकसभेसाठी वय २५ पूर्ण हवे, राज्यसभेसाठी ३०. देशातल्या कोणत्याही मतदारसंघात मतदार म्हणून नाव हवे. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना १२,५००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली तरच ती परत मिळते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात.

फॉर्म २६ च्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि खटले हे सगळे लिहावे लागते. कोणताही रकाना कोरा सोडू नका; लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहा. कोऱ्या रकान्यांमुळे अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. इथे बायकांची वेगळी अडचण असते. नवऱ्याच्या नावावर काय आहे हे अनेकींना माहीतच नसते, आणि प्रतिज्ञापत्रात त्याचीही मालमत्ता लिहायची असते. अंगावरचे दागिने किती ग्रॅमचे, हेही. माहेरच्या सातबारावर तुमचे नाव असेल तर तेही. निवडणुकीला दोन वर्षे असतानाच हे कागद एका फायलीत लावून ठेवा, आणि आंदोलनात पडलेल्या गुन्ह्यांचे सद्यःस्थितीचे दाखले कोर्टातून काढून ठेवा.

राखीव जागेवर उभे राहायचे असेल तर जात जन्माने, म्हणजे माहेरची धरली जाते. वडिलांकडचे जुने दाखले शोधायला वेळ लागतो. अमरावतीच्या नवनीत राणा २०१९ मध्ये निवडून आल्या, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे जात प्रमाणपत्र रद्द केले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. खासदारकीची जवळजवळ सगळी मुदत या दाव्याच्या सावटाखाली गेली.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून महाराष्ट्रात ९५ लाख रुपये आहे, गोव्यात ७५ लाख. अर्ज भरण्याआधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते, आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाते, आणि यात हरलेल्या उमेदवारांचीही सुटका नाही. हिशेबाला विश्वासू, चोख आणि तुम्हाला 'नाही' म्हणू शकेल असा माणूस नेमा.

सभागृहातली हत्यारे

आता समजा, तुम्ही निवडून आलात. साउथ ॲव्हेन्यू किंवा नॉर्थ ॲव्हेन्यूतला फ्लॅट मिळेपर्यंत महाराष्ट्र सदनात मुक्काम, हातात ओळखपत्र आणि सभोवताली पाच-सहा वेळा निवडून आलेली माणसे. नव्या खासदाराला वाटते की गाजलेले भाषण झाले म्हणजे काम झाले. भाषणाची वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळते, आणि नव्या सदस्याच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. पण प्रश्न विचारायला संख्याबळ लागत नाही. म्हणून सुरुवात प्रश्नांपासून करा.

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. तारांकिताचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत असावा, त्यात मत, आरोप किंवा टोमणा नसावा, आणि विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा.

प्रश्न कसा घडवायचा ते एका उदाहरणावर पाहू. तुमच्या वहीत तक्रार आहे: 'नळ आले, पाणी नाही.' ही तशीच्या तशी पाठवली तर पाणीपुरवठा हा राज्याचा विषय म्हणून परत येईल. पण नळ बसले ते जलजीवन मिशनमधून. १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालेल्या या योजनेत केंद्राचा पैसा आहे, माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे, आणि प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायचे आहे. म्हणजे केंद्राला विचारता येते. मग प्रश्न असा होतो: (अ) अमुक जिल्ह्यात योजना पूर्ण झाल्याचे कळवलेली गावे किती, तालुकानिहाय; (आ) त्यांपैकी किती गावांत माणशी ५५ लिटर पाणी मिळते याची प्रत्यक्ष मोजणी झाली आणि ती कोणी केली; (इ) किती गावांत पाच स्त्रियांना तपासणीचे प्रशिक्षण मिळाले आणि गेल्या वर्षी त्यांनी किती नमुने तपासले; (ई) केंद्राने दिलेला आणि खर्च झालेला निधी, वर्षनिहाय.

या चार भागांतला (आ) हा खरा प्रश्न. बाकीचे त्याला आधार देतात. 'पाणी मिळते का' असे विचारले असते तर 'होय, कळवले आहे' एवढेच उत्तर आले असते. 'मोजणी कोणी केली' असे विचारल्यावर उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला राज्याकडे विचारणा करावी लागते, राज्य जिल्ह्याला विचारते, आणि उत्तर छापून येण्याआधीच एखाद्या उपअभियंत्याला टाकी बघायला जावे लागते. लेखी उत्तर हातात आले की त्याची प्रत गावच्या ग्रामसभेत वाचायला पाठवा. कागदावर '५५ लिटर' आणि गावात हंडे रांगेत, असे असेल तर पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचा क्रमांक देऊन पुढचा प्रश्न विचारा. मंत्री 'तपासून पाहू' म्हणाले, तर ते शब्द आश्वासन म्हणून नोंदवले जाऊ शकतात, आणि ते पाळले गेले की नाही हे बघायला संसदेची वेगळी आश्वासन समिती आहे. ही गोष्ट निवडून आलेल्या अनेकांनाही उशिरा कळते.

तातडीचा विषय असेल तर शून्य प्रहर आहे. तितका तातडीचा नसेल, पण सरकारचे लेखी उत्तर हवे असेल, तर लोकसभेत नियम ३७७ आहे. दोन्हींसाठी आधी नोटीस द्यावी लागते. मराठीत बोलायचे असेल तर आधी कळवून बोलता येते, दुभाषाची सोय आहे. हिंदी-इंग्रजी कच्चे म्हणून गप्प बसू नका. मराठीत नेमके बोललेले अडखळत्या इंग्रजीहून केव्हाही बरे. मात्र इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, कारण विधेयके आणि समितीचे कागद त्यात येतात. एखादी वकिलीची विद्यार्थिनी हाताशी धरा, तिच्याकडून विधेयक वाचून घ्या आणि प्रत्येक कलमाला एकच विचारा: हे माझ्या गावातल्या कोणाला लागू होईल?

खासगी विधेयकाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण त्यावरून बऱ्याच जणींचा भ्रमनिरास होतो. मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेली विधेयके स्वातंत्र्यानंतर फक्त १४ वेळा कायदा झाली, आणि शेवटची १९७० मध्ये. मग ती आणायचीच कशाला? प्रमिला दंडवते १९८० मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून लोकसभेत गेल्या. त्याआधी त्यांनी महिला दक्षता समिती उभी केली होती, हुंड्यापायी जाळलेल्या मुलींच्या कहाण्या त्यांनी जवळून ऐकल्या होत्या. हुंडाबंदीचा कायदा कडक करण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले. विषय संयुक्त समितीकडे गेला, आणि १९८४ व १९८६ मध्ये सरकारनेच कायद्यात दुरुस्त्या केल्या. मृणाल गोरे यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राच्या विधानसभेत असेच खासगी विधेयक आणले होते; राज्याचा कायदा १९८८ मध्ये झाला आणि देशाचा १९९४ मध्ये. विधेयक पडते, पण मागणी सभागृहाच्या कागदावर कायमची चढते. दोघींनीही आधी रस्त्यावर काम केले होते, म्हणून त्यांच्या विधेयकात कलमागणिक एक खरी बाई उभी होती.

पहिल्या वर्षी समिती मिळेल तेव्हा रेल्वे किंवा अर्थ यांसाठी धडपड होते. तुमच्या वहीतल्या तक्रारी ज्या खात्याच्या आहेत, ती समिती मागा. एकतीस सदस्यांच्या समितीत प्रत्यक्ष बोलणारे थोडे असतात. कागद वाचून येणाऱ्या सदस्याकडे सचिव दुसऱ्या बैठकीपासूनच बघून बोलू लागतात.

मतदारसंघ, घर आणि अंगावर येणारे शब्द

खासदार निधी वर्षाला पाच कोटी रुपये. काम तुम्ही सुचवता, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचे असतात. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटले तर प्रत्येकाला वर्षाला एक कोटीही येत नाहीत, आणि तेवढ्यावरच लोक तुमची परीक्षा घेतील. खरी ताकद आहे ती जिल्ह्याच्या 'दिशा' समितीत. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या या समितीचे अध्यक्षपद लोकसभा सदस्याकडे असते. दर तिमाहीला बैठक घ्या, मागच्या बैठकीचे इतिवृत्त आधी वाचून जा, आणि 'कार्यवाही सुरू आहे' या उत्तरापुढे तारीख लिहून घ्या.

अधिवेशने वर्षाला तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. मुले लहान असतील तर हा प्रश्न घरात आधी सोडवा आणि आई, सासू, बहीण, जी कोणी मदत करणार असेल तिच्याशी मोकळेपणाने बोला. परवानगीशिवाय सभागृहाच्या कामकाजाचे साठ दिवस गैरहजर राहिल्यास जागा रिक्त ठरवता येते, म्हणून बाळंतपणात किंवा आजारपणात रजेचा अर्ज वेळेवर करा. २०२२ च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनात आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्षाची चर्चा झाली. आई आमदार किंवा खासदार असते हे सभागृहांच्या इमारतींना अजून पुरते शिकायचे आहे. तोवर लेखी मागणी करत राहणे हाही तुमच्या कामाचाच भाग समजा.

कपडे, चालणे, नवरा, घटस्फोट, हसणे यांवर बोलले जाईल. फोटो बदलून फिरवले जातील. प्रत्येकाला उत्तर देत बसू नका, पण बदनामी आणि धमकी यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा आणि सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार करा. कार्यालयातल्या एका माणसाकडे हेच काम द्या. रात्री झोपण्याआधी ते स्वतः वाचू नका.

तिकीट कापले जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार होत्या. २०२४ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. सुमित्रा महाजनांच्या इंदूरचा निर्णय २०१९ मध्ये पक्षाकडे लांबत गेला, तेव्हा एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच पत्र लिहून आपण लढणार नसल्याचे जाहीर केले. शेवटच्या अधिवेशनाआधी कार्यालयातल्या प्रलंबित कामांची तालुकावार यादी करून घ्या: कोणत्या आश्वासनाला उत्तर आलेले नाही, कोणते 'दिशा'चे काम कोणत्या टेबलावर अडले आहे, निधीतली कोणती कामे अर्धी आहेत. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, एक नव्या खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आणि एक स्वतःकडे ठेवा. निवडणूक हरलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या बाईकडे लोक पुढच्या आठवड्यातही कामे घेऊन येतातच. तेव्हा ती यादी उघडून बसा.